सहा महिन्यांनी पुन्हा

एमआरआयवरून लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठीचं भविष्य सांगण्याला माझा विरोध होता, आणि तो मी कधी लपवला नव्हता. रेडिऑलॉजिस्टने जे दिसतं ते लिहावं, जे होणार आहे त्यात पडू नये, असं मी विद्यार्थ्यांना शिकवत आले. ट्यूमर बोर्डात एखाद्या तरुण ऑन्कॉलॉजिस्टने "मॅडम, ही वाढेल असं वाटतं का?" असं विचारलं की मी "आज एवढी आहे" असं सांगून पुढची केस उघडायचे. रेडिऑलॉजिस्ट हातचं राखून बोलतात, रिपोर्टच्या शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन' सुचवून मोकळे होतात, अशी आमची थट्टा होतेच. मला ती कधी लागली नाही. हातचं राखणं हीच आमच्या कामातली सभ्यता आहे, असं मी मानत होते.

गेल्या काही काळात हे मत बदललं. अगदी उलटं झालं असं नाही, पण होतं तिथेही ते राहिलेलं नाही. ते कशाने हललं आणि कुठे येऊन अडलं, ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

आधी कोणत्या गाठींबद्दल बोलतेय ते सांगते. 'ब्रेन ट्यूमर' हे शब्द ऐकले की घरच्यांना एकच शेवट दिसू लागतो. मुलांमध्ये मात्र मेंदूच्या गाठींत सगळ्यात मोठा गट आहे तो सावकाश वाढणाऱ्या गाठींचा, म्हणजे लो-ग्रेड ग्लायोमांचा. मुलांच्या मेंदूतल्या सगळ्या गाठींपैकी साधारण एक तृतीयांश या जातीच्या असतात. त्यातली आमच्या सगळ्यात ओळखीची म्हणजे पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा. ती बरेचदा सेरेबेलममध्ये, लहान मेंदूत होते: पाण्याने भरलेली पोकळी आणि तिच्या एका भिंतीला चिकटलेला घट्ट गोळा. मूल सकाळी उठल्या उठल्या उलट्या करतं, डोकं दुखतं म्हणतं, चालताना त्याचा तोल जातो. पित्ताची औषधं होतात, जंतांची होतात, चष्म्याचा नंबर काढून होतो, आणि मग कोणीतरी एमआरआय काढायला सांगतं. सर्जनला ही गाठ पूर्ण काढता आली, तर दहा वर्षांनंतरही ९० टक्क्यांहून जास्त मुलं हयात असतात आणि बहुतेकांना पुढे कसलाही उपचार लागत नाही. लो-ग्रेड ग्लायोमा झालेल्या चार हजारांवर अमेरिकन मुलांच्या नोंदींचा हिशेब २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वीस वर्षं जगण्याचं प्रमाण ८७ टक्के निघालं.

पंचाईत होते ती सुरी पूर्ण फिरवता येत नाही अशा जागी गाठ असली की. दृष्टीची नस, हायपोथॅलॅमस, ब्रेनस्टेम. तिथली गाठ जमेल तेवढी काढतात, बाकीची राहते. राहिलेली गाठ पुढे काय करेल, याचे नाना प्रकार आहेत. एखादी वर्षानुवर्षं आहे तशीच बसून राहते. एखादी बालपणभर थोडीथोडी वाढते आणि मूल वयात आलं की थांबते. एखादी काहीही न करता बारीक होते. आणि एखादी दोन वर्षं गप्प राहून मग डोकं वर काढते. पहिल्या एमआरआयवर या चौघी सारख्याच दिसू शकतात. मोठ्या माणसाच्या मेंदूतली गाठ कॉन्ट्रास्ट दिल्यावर लख्ख उजळली तर आम्ही धसकतो. पायलोसायटिक गाठ तशीच उजळते, आणि ती ग्रेड १ असते. मोठ्यांवर शिकलेले डोळे मुलांच्या बाबतीत फसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या वर्गीकरणात मुलांच्या ग्लायोमांना मोठ्यांच्या ग्लायोमांपासून वेगळं काढलं, तेही जीवशास्त्र मुळातच निराळं असल्यामुळे.

तेव्हा माझा विरोध हट्टाचा नव्हता. आजची गाठ मोजण्यातच एवढा घोळ, तर उद्याची काय सांगणार? गाठ क्वचितच गोल असते. एकाने एका स्लाइसवर लांबी-रुंदी घेतली आणि दुसऱ्याने शेजारच्या स्लाइसवर, की दोघांचे आकडे जुळत नाहीत. पाच मिलिमीटर जाडीच्या स्लाइस घेतल्या तर दोन-तीन मिलिमीटरची वाढ त्यांच्यातच जिरून जाते. वीस मिलिमीटरची गाठ पंचवीस झाली की रिपोर्टमध्ये 'किंचित वाढ' असं लिहावंसं वाटतं. पण ती गोल असेल तर तिचं घनफळ तोवर जवळपास दुप्पट झालेलं असतं.

टोव्होराफेनिब नावाचं औषध अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये या मुलांसाठी मंजूर झालं. ज्या चाचणीवर ते मंजूर झालं तिचे आकडे वाचताना मी थबकले होते. मोठ्यांच्या हाय-ग्रेड गाठींसाठी बनवलेल्या निकषाने मोजलं, तर ६७ टक्के मुलांच्या गाठी औषधाला दाद देत होत्या. मुलांच्या लो-ग्रेड गाठींसाठी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषाने मोजलं, तर ५१ टक्के. चाचणी तीच, औषध तेच. पहिला निकष कॉन्ट्रास्टने उजळलेला भाग मोजतो, दुसरा टी-टू आणि फ्लेअर चित्रांत दिसणारी सगळी गाठ मोजतो. आमच्या फूटपट्टीतच एवढा फरक असताना त्यावर भविष्य काय उभारायचं, असं मी विचारायचे.

दुसरा आक्षेप याहून जुना होता. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ हा जनुकीय आजार असलेल्या मुलांना, शंभरात पंधरा-वीस जणांना, दृष्टीच्या नसेवर अशी गाठ होते. गाठ वाढली तरी नजर शाबूत आहे आणि गाठ तसूभर हलली नाही तरी नजर उतरली आहे, अशी दोन्ही तऱ्हेची मुलं यात दिसतात. म्हणून त्यांच्यावर उपचार सुरू करायचा की थांबायचं, हे ठरवताना आमच्या चित्रांपेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या अक्षरांच्या तक्त्याला जास्त मान असतो. तो असायलाच हवा.

तिसरा आक्षेप आईबापांचा. त्यांना आकडा सांगितला की तो त्यांच्या घरी राहायला जातो. 'तीस टक्के शक्यता' म्हणजे नेमकं काय, हे मलाच धड सांगता येत नाही. जालन्याहून रात्रीच्या गाडीने आलेल्या बापाने त्या तीस टक्क्यांचं काय करावं?

मला हलवलं ते एका आईच्या साध्या प्रश्नाने. मुलगा शाळेत जाऊ लागलेला, गाठ जवळजवळ सगळी निघालेली, नंतरच्या एमआरआयमध्ये काळजीचं काही नाही. ती रिपोर्ट घ्यायला आली तेव्हा मी काउंटरपाशीच उभी होते. "मॅडम, पुढच्या वेळी नाही आणलं तर चालेल का हो?" असं तिने विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच सांगू लागली. भूल द्यायची म्हणून पहाटेपासून उपाशी ठेवावं लागतं, तो पाणी मागत रडतो, सुई दिसली की कपडे ओले करतो. मालकांचा खाडा पडतो. आणि तारीख जवळ आली की आठ-दहा दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही.

"नाही नाही, न चुकता आणा," मी म्हटलं. "सहा महिन्यांनी पुन्हा."

तिने बरं म्हटलं, फाईल पिशवीत घातली आणि गेली. माझं उत्तर प्रोटोकॉलला धरून होतं. आजही तिथे उभी असते तर मी तिला स्कॅन चुकवा असं सांगणार नाही. पण सहा महिनेच का, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने एमआरआय काढतात. थोडाफार फरक जागोजाग असतो. ही अंतरं अनुभवातून आणि जाणकारांच्या एकमतातून आलेली आहेत. ती वाईट नाहीत. पण 'सहा महिन्यांनी पुन्हा' याचा अर्थ, सहा महिने या गाठीकडे पाहिलं नाही तरी निभावून जाईल, असाच होतो ना? हे भाकीतच झालं की. मी भविष्य सांगत नाही असं म्हणता म्हणता रोज सांगत होते. फक्त ज्याची गाठ मुळासकट निघाली आहे त्याला आणि ज्याच्या हायपोथॅलॅमसमध्ये अर्धी राहिली आहे त्याला बऱ्याचदा एकच भविष्य सांगत होते.

शिवाय या तपासण्या फुकट नसतात, आणि मी पैशांबद्दल बोलत नाहीये. लहान मूल यंत्राच्या बोगद्यात अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहत नाही, म्हणून भूल लागते. तीन वर्षांखालच्या मुलांना लांबलेली किंवा पुन्हापुन्हा दिलेली भूल वाढत्या मेंदूला त्रासदायक ठरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. एखाद्या लहानशा भुलेने घाबरायचं कारण नाही; मुद्दा 'पुन्हापुन्हा'चा आहे. कॉन्ट्रास्टचंही तसंच. त्यातल्या गॅडोलिनियमचे बरेच डोस घेतलेल्यांच्या मेंदूतल्या काही केंद्रकांत त्याचा अंश उरलेला दिसतो, हे जपानी रेडिऑलॉजिस्टांनी २०१४ मध्ये दाखवलं. त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी युरोपच्या नियंत्रकांनी २०१७ मध्ये लिनियर जातीची बरीचशी कॉन्ट्रास्ट औषधं थांबवली. ज्या मुलाला पुढे साठ-सत्तर वर्षं जगायचं आहे, त्याच्या बाबतीत एवढी सावधगिरी मला तरी जास्तीची वाटत नाही.

अशा वेळी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, बॉस्टनच्या मंडळींचा शोधनिबंध 'एनईजेएम एआय' या नियतकालिकात आला. मास जनरल ब्रिगहॅम, बॉस्टन चिल्ड्रन्स आणि डॅना-फार्बर या संस्थांमधले संशोधक, ७१५ मुलं, जवळजवळ चार हजार एमआरआय. मी तो खोडी काढायच्या तयारीनेच वाचायला घेतला.

या मंडळींनी एक हुशारी केली होती. गाठ परत येईल का, हे त्यांनी संगणकाला लगेच विचारलंच नाही. आधी एवढंच काम दिलं: एका मुलाचे शस्त्रक्रियेनंतरचे स्कॅन काळाच्या क्रमाने लाव. आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे ओळखायचं, तर बारीकसारीक बदल टिपता आलेच पाहिजेत. ते अंगवळणी पडल्यावर मग विचारलं, उपचारानंतर वर्षभरात गाठ परत येईल का? एकाच स्कॅनवरून विचारलं तर उत्तर पन्नास टक्क्यांच्या आसपास बरोबर यायचं, म्हणजे नाणेफेकच. स्कॅनची मालिका दिली तर ७५ ते ८९ टक्के. आणि चार ते सहा स्कॅन दिल्यानंतर आणखी देऊन फारसा फरक पडत नव्हता.

पहिला आकडा वाचून मला गुदगुल्या झाल्या. एका चित्रावरून पुढचं सांगता येत नाही, हे मी इतकी वर्षं ओरडून सांगत होते. दुसऱ्या आकड्याशी मात्र भांडता येईना, कारण त्यामागचं तर्कशास्त्र माझ्याच ओळखीचं निघालं. पेशंट आला की आम्ही पहिलं वाक्य उच्चारतो ते "जुने स्कॅन आणलेत का?" हेच. पण आणले तरी आम्ही सहसा मागच्या एकाच स्कॅनशी ताडून पाहतो. वेळ नसतो, फिल्म्स भरपूर असतात. सावकाश वाढणारी गाठ नेमकी इथे निसटते. मागच्यापेक्षा विशेष फरक नाही, असं पाच वेळा लिहिलं जातं, आणि पाचही वेळा ते खरंच असतं; पहिला आणि पाचवा शेजारी ठेवले की गाठ वाढलेली दिसते. घरात रोज पाहणाऱ्या आईला मूल उंच झालेलं कळत नाही, दिवाळीला येणाऱ्या मामाला उंबऱ्यातच कळतं. हा प्रोग्राम ते मामाचं काम करत होता. त्यात जादू काही नव्हती. न थकता, न विसरता सगळे स्कॅन एकत्र पाहायचे, एवढंच. आम्हीही ते करायला हवं आणि फार थोड्या वेळा करतो.

तरीही ७५ ते ८९ टक्के म्हणजे काय, हे मी कागदावर मांडून पाहिलं, आणि माझं मत खऱ्या अर्थाने फिरलं ते या हिशेबावर. आकडे सोयीचे धरले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. समजा शंभर मुलं आहेत आणि त्यांतल्या दहा जणांची गाठ वर्षभरात वाढणार आहे. समजा यंत्राचं उत्तर दोन्ही बाजूंनी ८० टक्के वेळा बरोबर येतं. मग वाढणाऱ्या दहांपैकी आठ ते पकडेल, दोन सुटतील. न वाढणाऱ्या नव्वदांपैकी बहात्तरांना ते 'शांत' म्हणेल आणि अठरांना उगाच 'धोका' म्हणेल. म्हणजे धोक्याच्या यादीत सव्वीस नावं, त्यांतली खरी आठ. सव्वीस घरांत आकडा राहायला जाणार आणि अठरा घरांत तो विनाकारण जाणार. इथे माझा जुना आक्षेप जसाच्या तसा उभा आहे. या सव्वीस मुलांना केवळ यंत्राच्या सांगण्यावरून केमोथेरपी किंवा गोळ्या सुरू करायला निघाल, तर मी आजही आडवी येईन.

पण दुसरी यादी पाहा. 'शांत' म्हटलेली चौऱ्याहत्तर मुलं, त्यांतली बहात्तर खरोखरच शांत. यंत्र नव्हतं तेव्हा कोणत्याही मुलाबद्दल आम्ही नव्वद टक्के खात्रीने 'यंदा काही होणार नाही' म्हणू शकत होतो. यादीतल्या मुलाबद्दल ती खात्री सत्त्याण्णववर जाते. उरलेल्या दोघांचं काय? त्यांना आपण वाऱ्यावर सोडत नाही. त्यांचा एमआरआय सहा महिन्यांऐवजी वर्षाने होईल, मधल्या काळात तपासणी होईल, डोळे पाहिले जातील. गाठ झपाट्याने वाढणारी असती तर हा सौदा मी केला नसता. मेड्युलोब्लास्टोमासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत सहा महिने फार असतात. ही गाठ सावकाश वाढणारी आहे, म्हणूनच भाकीत चुकलं तरी ते सुधारायला वेळ मिळतो.

इतकी वर्षं मी भाकीत म्हणजे वाईट बातमी असंच धरून चालले होते. कोणाची गाठ वाढणार हे शोधण्यात यंत्राची फार शेखी नाही. कोणाला त्रास द्यायची गरज नाही, हे सांगण्यात त्याचा उपयोग जास्त. काउंटरपाशी आलेल्या त्या बाईने मला नेमकं हेच विचारलं होतं. बॉस्टनच्या संशोधकांनीही पुढच्या चाचण्यांसाठी हे दोन रस्ते सांगितले आहेत: कमी धोक्याच्या मुलांचे स्कॅन कमी करणं आणि जास्त धोक्याच्या मुलांना आधीच औषध देऊन पाहणं. पहिला रस्ता मला पटतो. दुसऱ्यावर मी इतक्यात पाऊल टाकणार नाही.

आणि याचा एक धडा आपल्या परळमध्येच आधी गिरवला गेला होता, हे मला उशिरा आठवलं. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लो-ग्रेड आणि सौम्य गाठींसाठी किरणोपचार घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यंक पुढे कसा राहतो ते पाहिलं. २०१० मध्ये त्यांनी छापलं, की ज्यांच्या डाव्या टेम्पोरल लोबच्या १३ टक्क्यांहून जास्त भागाला ४३.२ ग्रे किंवा त्याहून जास्त मात्रा गेली, त्यांचा बुद्ध्यंक लक्षणीय घसरला. त्याच रुग्णालयात अशा दोनशे मुला-तरुणांची चाचणी झाली. निम्म्यांना जुन्या पद्धतीचे किरण, निम्म्यांना गाठीच्या आकाराबरहुकूम नेमके दिलेले. निकाल २०१७ मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी'त आला: नेमके किरण मिळालेल्या मुलांची बुद्धी आणि संप्रेरकं पाच वर्षांनी जास्त चांगली टिकली होती, आणि जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. मी हे दोन्ही निबंध तेव्हाच वाचले होते. पण 'किरणोपचार' या खणात टाकून दिले होते. स्कॅनवर आखलेल्या आराखड्यावरून मुलाचं भविष्य सांगणं ते हेच, हे मनात आलं नाही. त्या भाकिताचे दोन गुण मला आता दिसतात. ते गाठीबद्दल नव्हतं, मुलाच्या शाळेतल्या डोक्याबद्दल होतं. आणि ते ऐकून डॉक्टरला काही करता येत होतं: किरणांची दिशा बदलता येत होती.

बॉस्टनच्या मॉडेलकडून मला अजून हे मिळालेलं नाही. गाठ परत येईल का, एवढंच ते सांगतं. मुलाची नजर राहील का, त्याची उंची वाढेल का, सातवीतलं गणित त्याला जमेल का, यातलं काही नाही. न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा आक्षेप मी मागे घेतलेला नाही. त्या ७१५ मुलांत सावकाश वाढणाऱ्या गाठींबरोबर हाय-ग्रेड गाठींचीही मुलं होती, म्हणून ते आकडे जसेच्या तसे आमच्या पायलोसायटिक पोरांना लावणं मला जरा घाईचं वाटतं. किरणोपचारानंतर काही गाठी आधी काही महिने फुगतात आणि मग बसतात. हा फुगवटा आणि खरी वाढ यांत आम्हीच कितीदा अडखळतो. आणि जनुकांचं काय? बीआरएएफ जनुकाचं फ्यूजन या गाठींत असतं हे २००८ मध्ये कळलं. ते फ्यूजन असलेली गाठ आणि त्याच जनुकात व्ही६००ई हा बदल असलेली गाठ स्कॅनवर बहिणी वाटल्या तरी वागतात वेगळ्या, आणि दुसरीसाठी डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब ही जोडगोळी अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेली आहे. गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत गेला असेल तर त्या तपासणीचा कागद मी यंत्राच्या टक्केवारीच्या आधी वाचेन.

यातून प्रत्यक्षात माझ्या कामात काय बदललं? यंत्र माझ्याकडे नाही. पण शस्त्रक्रियेनंतरचा पहिला स्कॅन आता मी ताज्या स्कॅनच्या शेजारी उघडते, आणि रिपोर्टमध्ये त्या दोघांच्या तुलनेची वेगळी ओळ लिहिते. स्लाइस पातळ घ्यायला सांगते, दर वेळी त्याच जाडीच्या. ट्यूमर बोर्डात कोणी "वाढेल असं वाटतं का?" विचारलं, तर उत्तर देते, आणि ते किती भरवशाचं आहे तेही सांगते. गाठ पूर्ण निघालेल्या, वर्षानुवर्षं शांत असलेल्या मुलांचं स्कॅनचं अंतर वाढवावं का, हा विषय मी स्वतःहून काढते. पूर्वी मीच तो दाबला असता. सर्जन मंडळी भुवया उंचावतात. उंचावू देत.

खरी अडचण निराळीच आहे आणि ती अमेरिकेत बसून कोणी सोडवणार नाही. अशा कोणत्याही यंत्राला चार ते सहा स्कॅन लागतात, क्रमाने, आणि मूळ डिजिटल रूपात. आपल्याकडच्या मुलाचा पहिला एमआरआय जिल्ह्याच्या गावी, दुसरा मुंबईत, तिसरा जिथे पैसे कमी पडले तिथे, चौथा झालाच नाही. हाती येतात त्या मोठ्या पाकिटातल्या फिल्म्स, दुमडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. हल्ली तर खिडकीसमोर धरून काढलेले त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात. सीडी दिलेली असते, पण ती कपाटात ओरखडे पडून निकामी होते, आणि केंद्रात विचारलं तर जुना डेटा काढून टाकलाय असं उत्तर मिळतं. परदेशी मुलांवर शिकलेलं मॉडेल आपल्या यंत्रांवर, आपल्या मुलांवर चालतं का, हे तपासायचं तर आधी आपल्या मुलांच्या मालिका अखंड असायला हव्यात. त्या नसतील तर माझं मत बदलून काही उपयोग नाही.

म्हणून रेडिऑलॉजीतल्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती, की मुलांच्या मेंदूचे स्कॅन जागा वाचवायला म्हणून पुसू नका. आणि ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना सांगते: प्रत्येक एमआरआयनंतर नुसत्या फिल्म्स घेऊन निघू नका. डायकॉम या मूळ डिजिटल स्वरूपातली सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या. ती उघडते का हे तिथेच पाहा, तिच्यावर तारीख घाला, आणि घरी आल्यावर तिची आणखी एक प्रत काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला स्कॅन तर अजिबात हरवू देऊ नका. दर वेळी तो सोबत न्या, आणि त्याच्याशी तुलना करून मगच रिपोर्ट लिहा, असं रेडिऑलॉजिस्टला स्पष्ट सांगा.